हरण्यापुरता नामदेव

मारोतीचा फोटो काढणं म्हणजे एक दिव्यच होतं. कॅमेऱ्यासमोर अगदी शहाण्यासारखा उभा राहायचा, पण मी बटण दाबणार तेवढ्यात त्याची मान दोन बोटं डावीकडे सरकायची. मुद्दाम नाही. चेहऱ्याच्या दिशेने काहीही येतंय असं वाटलं की ती मान आपली आपण सरकायची, मग तो कॅमेरा असो, न्हाव्याचा वस्तरा असो, नाहीतर ओवाळायला आणलेलं तबक असो. वीस फोटो काढावेत तेव्हा एखादा हाती लागायचा. "म्या काय करू पेंटरभाऊ, मान मला इचारतच न्हाई," म्हणायचा आणि हसायचा. हसला की उजव्या गालावरचा तीळ वर चढायचा.

मला पेंटर म्हणतात, पण ब्रश हातातून सुटून जमाना झाला. नांदेडात माझं फ्लेक्सचं दुकान आहे. वाढदिवस, निवड, नियुक्ती, श्रद्धांजली. गावातल्या बऱ्याच माणसांचे चेहरे माझ्या कॉम्प्युटरात आहेत, आणि काहींवर मी दोनदा काम केलंय, एकदा वाढदिवसाला आणि एकदा तेराव्याला. फोटो बहुतेक वेळा तोच असतो. मागचा रंग बदलायचा, शुभेच्छुकांच्या जागी शोकाकुल लिहायचं आणि वर फुलांचा हार टाकायचा. या धंद्यात माणूस थोडा निबर होतो. मीही झालो होतो, मारोती येईपर्यंत.

मारोती मुदखेडचा. बाप लहानपणीच गेलेला. आई गयाबाई तिथल्या फुलांच्या बाजारात हार गुंफायची, त्यामुळे याच्या बॅगेतून ग्लोव्हजच्या घामट वासाबरोबर झेंडूचाही वास यायचा. बॉक्सिंग मात्र तो लातूरला शिकला. तिथे एका बंद पडलेल्या दाळ मिलच्या गोदामात हबीबसर पोरांना तयार करायचे. सर फौजेतून निवृत्त झालेले, बोलणं कमी आणि शिट्टी जास्त. गोदामाच्या भिंतींतून अजून तुरीची धूळ गळायची. पोरं घामाघूम झाली की अंगावर पिवळा थर चढायचा आणि ती हळदीच्या नवरदेवांसारखी दिसायची.

सर आणि मारोती पहिल्यांदा दुकानात आले ते पोस्टर करायला. मारोती तेव्हा नुकताच व्यावसायिक बॉक्सर झाला होता, म्हणजे डोक्याला संरक्षक टोप न घालता बिदागी घेऊन लढणारा. पुढच्या दोन वर्षांत मी त्याची सहा पोस्टरं केली आणि सहाही लढती तो जिंकला. नावाखाली मी मोठ्या अक्षरांत आकडे टाकायचो. सातव्या पोस्टरवर ते झाले सहा विजय, शून्य पराभव. त्यावर जागा पुरेना म्हणून मी ते शून्य काढून टाकायला निघालो तर सरांनी माझा हात धरला.

"नको रे पेंटर. लोगां छे जीत को नै बुलाते. वो शून्य को बुलाते," सर म्हणाले. "वो गया की पोरगा एका दिवसात जुना होतो बघ."

मारोतीच्या सवयी मला आठवतात त्या अशा. चहाचा शेवटचा घोट तो कधी प्यायचा नाही, कपात तसाच ठेवायचा. घाई केली की म्हणायचा, "घंटी होऊ द्या की." बाकावर बसला की शेजारी एका माणसाची जागा मोकळी सोडायचा. एकदा दुकानात गर्दी होती, मी म्हटलं, सरक की जरा, तर दचकला आणि सरकला. मग स्वतःच म्हणाला, "नाम्याची सवय हाय."

नाम्या म्हणजे नामदेव, त्याचा दोन वर्षांनी थोरला भाऊ. चार-पाच वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात विष्णुपुरीच्या धरणाचे दरवाजे उघडले तेव्हा तो दोस्तांबरोबर पाणी बघायला गेला आणि काठावरून घसरला. शोधाशोध झाली, पण काही सापडलं नाही. गयाबाईने दहावा-तेरावा केला नाही आणि कुणाला नोंदही करू दिली नाही. सापडलाच नाही तर गेला कसा म्हणायचा, हे तिचं म्हणणं. रोज ती तीन ताटं वाढायची. नामदेवचं ताट संध्याकाळपर्यंत झाकून ठेवायची, आणि अन्न वाया कशाला म्हणून ते मग मारोती खायचा.

"माझी तब्येत नाम्याच्या ताटावर झालीय, पेंटरभाऊ," तो दंड दाखवत म्हणायचा. मी हसायचो. पण मग घरी जेवताना ते ताट मला आठवायचं.

सातवी लढत पुण्यात होती. जिंकणार याची इतकी खात्री की जंगी स्वागताचा फ्लेक्स मी आधीच छापून ठेवला. वीस बाय दहाचा, मारोती उजवा हात उंचावून उभा. लढत मी दुकानात बसून मोबाइलवर पाहिली. समोरच्या पोराने त्याचे जुने व्हिडिओ बारकाईने बघितले असणार. चौथ्या फेरीत त्याने डाव्या हाताने नुसती हूल दिली. मारोतीची मान नेहमीसारखी डावीकडे सरकली आणि ठोसा तिथे आधीच येऊन थांबलेला होता. मारोती पडला तो कोणी पायाखालची चादर ओढल्यासारखा पडला. पंचाने दहा आकडे मोजले. मी मोबाइल पालथा ठेवला.

चार दिवसांनी तो दुकानात आला. चेहरा ठीक होता, फक्त डावा कान सुजलेला. मी काही विचारण्याआधी तोच म्हणाला, "एक ते पाच ऐकू आलं. मग एकदम दहा. मधले आकडे ऐकूच आले न्हाईत बगा." मग कोपऱ्यातली गुंडाळी बघून म्हणाला, "तो फ्लेक्स द्या मला. मायला पत्र्यावर टाकायला होईल."

एका हारीने माणसाचं काय होतं, ते पुढच्या महिनाभरात मी दुकानात बसून पाहिलं. पूर्वी संयोजकांचे फोन दीड-दीड महिना आधी यायचे, कोणाशी लढायला आवडेल असं विचारायचे. ते बंद झाले. ज्या पुढाऱ्याने आपल्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर आग्रहाने मारोतीचा फोटो टाकायला लावला होता त्याचा माणूस आला आणि म्हणाला, "तो बॉक्सर काढा त्यातून, तिथं उपसरपंच बसवा." मी बसवला. धंदा आहे. पण त्या दिवशी मला माझाच राग आला.

मग फोन पुन्हा सुरू झाले, पण वेगळे. "वजन किती आहे? परवा येतोस?" सरांनी मला त्याचा अर्थ समजावून सांगितला. रिंगणाला दोन कोपरे असतात, लाल आणि निळा. लाल कोपऱ्यात संयोजकाचा लाडका पोरगा, ज्याचं शून्य जपायचंय. निळ्या कोपऱ्यात बोलावलेला, ज्याने बऱ्यापैकी लढून हरायचंय. एक हार झालेला अजून सावरू शकतो. दुसरी, तिसरी नावावर चढली की तो कायमचा निळ्या कोपऱ्यातला. "मग त्याला जीतने के वास्ते कोणीच बुलावत नाही," सर म्हणाले. शिवाय बेशुद्ध होऊन पडलेल्याला नियमाप्रमाणे तीन महिने लढायची बंदी असते. सरांचा बेत साधा होता. मारोतीने तीन महिने गप्प बसायचं, नंतर ते लातूरलाच त्याची एक नीट लढत लावणार. नाव वाचलं पाहिजे, एवढंच त्यांच्या मनात होतं.

पण बसून राहणं मारोतीला जमेना. एका दुपारी तो एक प्लास्टिकची पिशवी घेऊन आला. आत नामदेवची कागदपत्रं होती. मरणाची नोंदच नसल्याने सगळी जिवंत. हैदराबादच्या एका संयोजकाला येत्या रविवारी निळ्या कोपऱ्यात माणूस हवा होता.

"हारायलाच जायचंय ना, मग नाम्या जाईल," मारोती म्हणाला. "हार त्याच्या नावावर. माझं नाव हाय तसं ऱ्हाईल. त्याला काय फरक पडून राहिलाय?"

"अरे, पण तुला ओळखतील की लोक."

"म्हणून तर तुमच्याकडं आलोय."

इथे माझा हात लागला, आणि तो मी लपवत नाही. मी त्याचा जुना फोटो उघडला आणि आडवा उलटवला. आमच्या धंद्यात ही एका क्लिकची गोष्ट आहे. उजव्या गालावरचा तीळ डावीकडे गेला, भांग दुसरीकडे पडला आणि पवित्रा डावखुऱ्याचा झाला. मारोती बराच वेळ पडद्याकडे बघत राहिला.

"नाम्या डावखुराच व्हता," तो म्हणाला.

"मग तूही तसाच लढ. कोणी ओळखणार नाही," मी म्हटलं. गंमत म्हणून म्हटलं होतं.

सरांना कळलं तेव्हा ते लातूरहून आले. एवढे चिडलेले मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. "मुर्दे के नाम पे मत खेल रे मारोती," ते म्हणाले. "हार तुझी असली तर तू उचल. दुसऱ्याच्या खांद्यावर टाकू नको."

"सर, तीनच महिने," मारोती म्हणाला. "मग तुम्ही म्हणाल तसं." सर चहा न घेता निघून गेले.

पहिल्या दोन लढती ठरल्याप्रमाणे झाल्या. तो चार-चार फेऱ्या टिकायचा, गुणांवर हरायचा आणि हसत परत यायचा. "नाम्या हारला, पेंटरभाऊ," असं म्हणायचा, जणू लांबच्या नातेवाइकाची खबर देतोय. डाव्या हाताची सवय व्हावी म्हणून तो सगळंच डाव्या हाताने करू लागला. कप डाव्या हातात, किल्ली डाव्या हातात. "सवय करून राहिलो," म्हणायचा. एकदा माझ्या लक्षात आलं की कपात शेवटचा घोट उरला नव्हता.

त्याच सुमारास दसऱ्याची फुलं आणायला मी मुदखेडला गेलो आणि गयाबाईकडे डोकावलो. भर दुपार होती. पत्र्याला जिथे जिथे भोकं पडली होती तिथे वर टाकलेला माझाच फ्लेक्स दिसत होता. छापलेली बाजू खाली होती. एका भोकातून मारोतीचा डोळा आणि दुसऱ्यातून वर केलेली मूठ. वारा आला की तो डोळा मिटायचा आणि उघडायचा. मी मान खाली घातली तर समोर भिंतीवर नामदेवचा फोटो. त्याला हार नव्हता. डाव्या गालावर तीळ होता आणि भांग उजवीकडे. मी एका क्लिकमध्ये जो चेहरा केला होता तोच, जसाच्या तसा.

"दोघांनाबी तीळ," गयाबाई हार ओवता ओवता म्हणाली. "एकाला इकडं, एकाला तिकडं. म्या तिळावरनंच वळखायची."

मला तिला सगळं सांगावंसं वाटलं. झेंडूची पिशवी उचलली आणि निघालो.

तिसऱ्या वेळी हैदराबादला त्याच्याबरोबर मी गेलो. सर येणार नव्हते आणि कोपऱ्यात पाण्याची बाटली धरायला कोणीतरी लागतंच. एका लग्नाच्या हॉलमध्ये दुपारी लढती होत्या. लाल कोपऱ्यातलं पोर कोवळं होतं, पाच विजय आणि शून्य पराभव. मारोती मला म्हणाला, "चार फेऱ्या, मग आपण बिर्याणी खाऊ." दोन फेऱ्या तशाच गेल्या, फक्त दुसरीत त्याचा उजवा गाल फाटला. तिसऱ्या फेरीत पोराने ठोसा टाकला आणि मारोतीची मान सरकली. उजवीकडे. मी ती मान ओळखत होतो. ती जन्मात कधी उजवीकडे सरकली नव्हती. आणि सरकता सरकता त्याचा डावा हात निघाला. तो हात मी नीट पाहिला. मारोतीचे ठोसे सरळ, शिकवल्यासारखे असायचे. हा खालून आला, अडाणी, काठावरून दगड भिरकावावा तसा. पोर पडलं ते उठलंच नाही.

पंच मोजत होता आणि मारोती त्याच्याबरोबर ओठांनी मोजत होता, सहा, सात, आठ, नऊ. मग निवेदकाने नाव पुकारलं. नामदेव! पंचाने त्याचा डावा हात वर केला. मारोतीने माझ्याकडे पाहिलं, म्हणजे मला वाटलं माझ्याकडे. तो माझ्या खांद्यावरून मागे बघत होता. मी वळून पाहिलं. मागे खुर्च्यांचा ढीग होता, बाकी कोणी नव्हतं.

परतीच्या गाडीत तो डावा हात मांडीवर घेऊन बसला होता. उजव्या हाताने त्याने तो मनगटाशी घट्ट धरला होता.

"म्या हारायलाच गेलतो," तो म्हणाला. "तुमी बगितलं ना? म्या न्हाई मारला तो."

"मग कोणी मारला?"

तो खिडकीबाहेर बघायला लागला. नेहमीप्रमाणे त्याच्या शेजारी एक जागा मोकळी होती. बासरपर्यंत डबा गच्च भरला, पण त्या जागेवर कोणी येऊन बसलं नाही.

लढतीचा व्हिडिओ आमच्याआधी मुदखेडला पोचला होता. शेजारणीने तो गयाबाईला दाखवला. डाव्या हाताने मारणारा पोरगा आणि खाली नाव नामदेव. मारोती घरी गेला तेव्हा ती दारात ओवाळायला उभी होती. हे त्यानेच मला नंतर सांगितलं.

"माय म्हणली, नाम्या, आलास? किती वाट बगायला लावलीस रे." सांगताना त्याचा आवाज अगदी साधा होता. "चार-पाच वर्षांत तिला हासताना म्या पहिल्यांदा बगितलं. काय म्हणणार व्हतो, पेंटरभाऊ? न्हाई म्हणू?"

"तीळ बघितला नाही का तिने?"

"गालाला टाके व्हते. पट्टी व्हती."

"आणि मारोती कुठे आहे म्हणाली नाही?"

"इचारलं. म्या म्हणलं, येईल." मग म्हणाला, "आता ती त्याचं ताट झाकून ठेवती."

मी त्याला तिथेच झापायला हवं होतं. सरळ मुदखेडला जाऊन गयाबाईला खरं सांगायला हवं होतं. मी म्हटलं, पट्टी निघेल तेव्हा तिला कळेलच, आणि कामाला लागलो. पट्टी निघाली. तिळाच्या जागी पांढरा वण उरला होता. टाके घालणाऱ्याने जखम साफ करताना तो तीळ गेला होता.

तीन महिने संपले. सरांनी शब्द पाळला होता. लातूरलाच एका मंगल कार्यालयात सहा फेऱ्यांची लढत, मारोतीच्या स्वतःच्या नावाने, आणि लाल कोपरा. सरांनी किती जणांच्या मिनतवाऱ्या केल्या असतील कोण जाणे. पोस्टर मीच केलं, या वेळी फोटो सरळ ठेवून. ताजा फोटो घ्यावा म्हणून कॅमेरा उचलला तर त्याची मान सरकली, उजवीकडे. दहाही वेळा उजवीकडे. शेवटी जुनाच फोटो वापरला.

लढतीच्या आदल्या सकाळी वजन आणि कागदपत्रं होती. मी पोस्टर घेऊन गेलो होतो. मारोती काट्यावर उभा राहिला, वजन बरोबर भरलं. संयोजकाने अर्ज पुढे केला. सर त्याच्या मागे उभे होते, खुशीत, त्यांनी त्या दिवशी फौजेतला जुना ब्लेझर घातला होता. मारोतीने पेन डाव्या हातात घेतला आणि न थांबता, वळणदार अक्षरात लिहिलं. नामदेव.

संयोजक म्हणाला, "हे कोण?"

मारोतीने कागदाकडे पाहिलं. त्याने पेन उजव्या हातात घेतला आणि पुन्हा लिहायला गेला. मा काढला. पुढे हात चालेना. आम्ही सगळे बघत होतो आणि तो कपाळाला आठ्या घालून त्या एका अक्षराकडे बघत होता, शाळेत मास्तरांनी फळ्यासमोर उभं केल्यावर बघतो तसा.

"लिही बेटा," सर हळू आवाजात म्हणाले. "पुढे काय ते लिही."

"घंटी होऊ द्या सर," तो म्हणाला.

सरांनी दोन मिनिटं वाट पाहिली. मग तो कागद घेतला आणि फाडला. "मैं मारोती को बुलाया था," ते संयोजकाला म्हणाले, "वो नहीं आया." ब्लेझरचं बटण उघडत ते बाहेर गेले आणि उन्हात बाकावर बसले. मी शेजारी जाऊन बसलो. ते रडत होते. फौजेतला माणूस रडताना बघवत नाही.

त्यानंतर मारोती दुकानात यायचा बंद झाला. नामदेवची पोस्टरं हैदराबादलाच होत होती. मोबाइलवर दिसायची. चेहऱ्याचा फोटो आता उलटवावा लागत नव्हता. कोपरा लाल होता. जिंकत होता म्हणे. जिंकलेल्या प्रत्येक लढतीनंतर त्याचं स्वतःचं नाव थोडं आणखी लांब जात असणार, असं मला वाटायचं.

शेवटचं पाहिलं ते गेल्या पौषात. सकाळी अकराचा सुमार असेल. दुकानापुढे रिक्षा थांबली आणि गयाबाई उतरली, तिच्यामागून तो. गयाबाईच्या अंगावर नवं लुगडं होतं आणि हातात फुलांची पिशवी. तो तब्येतीने भरला होता. आत येऊन बाकावर बसला, ऐसपैस, मधोमध. शेजारी जागा सोडली नाही.

"मारोतीचा फोटू करून दे बाबा," गयाबाई म्हणाली. "मोठा. भितीला लावायचाय. हार घालायचा हाय."

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. मी त्याच्याकडे पाहिलं. तो भिंतीवरचे नमुने बघत होता.

"मावशी, अहो मारोती..." मी म्हटलं.

"पुण्याला गेलता कुस्तीला," ती म्हणाली. तिला बॉक्सिंग म्हणजे कुस्तीच. "तिकडनं आलाच न्हाई. लई दिस वाट बगितली म्या. एक आला, एक गेला. देवाची मर्जी." तिने पदराने डोळे पुसले. ती खोटं बोलत नव्हती, वेडीही वाटत नव्हती. एका आईला जेवढं दुःख व्हायला हवं तेवढं तिला होत होतं.

मी त्याच्याजवळ जाऊन हळूच म्हटलं, "मारोती, अरे काय हे? सांग की तिला."

त्याने माझ्याकडे पाहिलं. ओळखीचे डोळे होते, पण मी कोण हे त्याला आठवावं लागलं असं मला वाटलं. "करून द्या, पेंटरभाऊ," तो म्हणाला. "खरंच हाय तिचं. तो तिथनं उठलाच न्हाई."

मी फाइल उघडली. जंगी स्वागताचाच फोटो घेतला, कारण तेवढा एकच स्थिर आला होता. श्रद्धांजलीच्या फोटोत वर केलेला हात बरा दिसत नाही म्हणून हात कापला. मागचा रंग पांढरा केला. आजवर कितीएक माणसांचं हे काम मी चहा पीत केलंय. त्या दिवशी मला मोठ्याने ओरडावंसं वाटत होतं, कारण ज्याला मी हार घालत होतो तो माझ्या मागे बसून केळं खात होता.

"नावाच्या खाली काय टाकू?" मी विचारलं.

"सहा विजय," तो म्हणाला. "आणि एक पराभव. तेवढा त्याचाच व्हता."

मी टाकलं. शेजारून फ्रेम करून आणली. गयाबाईने पिशवीतून झेंडूचा हार काढला, दुकानातच फ्रेमला घातला आणि हात जोडले. त्यानेही जोडले. मग फ्रेम डाव्या काखेत घेऊन तो निघाला, गयाबाई त्याच्या मागोमाग. रिक्षा आता वळून रस्त्याच्या पलीकडे उभी होती.

मला राहवलं नाही. मी दुकानाच्या पायरीवर आलो आणि जीव खाऊन हाक मारली, "मारोती! ए मारोती!"

तो तसाच चालत राहिला. खांदासुद्धा हलला नाही. गयाबाई मात्र भर रस्त्यात थबकली, गर्रकन वळली, आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या तोंडांकडे बघत मारोतीला शोधायला लागली.